सातव्या महिन्याची सप्तमी

जपानी भाषेच्या वर्गात जुलैच्या पहिल्या आठवड्यात बांबूची एक हिरवी फांदी येते. शिकणारी मुलं रंगीत कागदाच्या उभ्या पट्ट्या कापतात, त्यावर आपली एखादी इच्छा लिहितात आणि दोऱ्याने त्या फांदीला बांधतात. हा 'तानाबाता', म्हणजे ओरिहिमे आणि हिकोबोशी या दोन ताऱ्यांच्या भेटीचा सण. मग वर्गातलं कोणीतरी हमखास विचारतं, "हीच गोष्ट चीनचीही आहे ना? मग त्यांचा सण ऑगस्टमध्ये का येतो? तिकडे त्या दिवशी प्रेमिक एकमेकांना गुलाब देतात आणि जपानमध्ये बालवाडीतली मुलं चिठ्ठ्या लिहितात, हे कसं?"

हे प्रकरण त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. सुरुवात मात्र सणांपासून करण्याऐवजी आकाशापासून करू या, कारण गोष्टीतली माणसं तिथेच राहतात.

१. नदीच्या दोन काठांवर

पावसाळ्यात एखाद्या रात्री ढग फाटले, तर नऊ-दहाच्या सुमाराला डोक्यावर, जरा उत्तरेकडे, एक निळसर-पांढरा ठळक तारा दिसतो. तो आपला अभिजित. तिथून दक्षिणेकडे नजर उतरवत नेली की दुसरा तेजस्वी तारा लागतो, तो श्रवण. दिव्यांपासून दूर असाल तर दोघांच्या मधून आकाशगंगेचा फिकट पट्टा वाहताना दिसेल. चिनी लोक या पट्ट्याला 'रुपेरी नदी' म्हणतात आणि जपानी लोक 'स्वर्गातली नदी'. आपल्या शब्दातही गंगा आहेच. तिन्ही ठिकाणच्या माणसांना तिथे वाहतं पाणीच दिसलं.

चीनमध्ये अभिजित म्हणजे विणकर मुलगी 'झिनू' आणि श्रवण म्हणजे गुराखी 'न्यूलांग'. जपानमध्ये त्यांचीच नावं ओरिहिमे आणि हिकोबोशी झाली. श्रवणाच्या दोन्ही बाजूंना एकेक मंद तारा आहे आणि तिघे जवळजवळ एका रेषेत आहेत. चिनी गोष्ट सांगते की गुराख्याने खांद्यावर आडवी काठी घेतली आहे आणि तिच्या दोन टोकांच्या टोपल्यांत त्याची दोन मुलं बसली आहेत. आपल्याकडे याच तीन ताऱ्यांत श्रवणबाळाची कावड पाहायची लोकरीत आहे. दोन्हीकडे कावड तीच. तिकडे बाप मुलांना वाहून नेतो आणि इकडे मुलगा आईबापांना. मला हा योग फार हृद्य वाटतो.

आता अंतराचं बघू. प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो, त्याला प्रकाशवर्ष म्हणतात. अभिजित आपल्यापासून सुमारे २५ प्रकाशवर्षं दूर आहे आणि श्रवण सुमारे १७. दोघांमधलं अंतर जवळपास १५ प्रकाशवर्षं भरतं. म्हणजे तिने पलीकडे "निघालास का?" असा निरोप प्रकाशाच्या वेगाने धाडला, तर तो पोचायला १५ वर्षं आणि "निघालो" हे उत्तर यायला आणखी १५. वर्षातून एकदा भेट घडवायला गोष्टच लागते.

२. गोष्ट एक, पण कुठली?

चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात, 'शीजिंग'मध्ये, विणकर मुलगी आणि बैल या ताऱ्यांची नावं येतात, पण त्यांच्यात प्रेमाचा धागा नाही. हान राजवटीच्या काळातल्या कवितेत ती नदीकाठी बसून रडू लागते. पुढे सहाव्या शतकापर्यंत गोष्टीला नीट आकार येतो. ती अशी:

स्वर्गाच्या राजाची मुलगी नदीच्या पूर्वेला राहायची आणि वर्षानुवर्षं मागावर ढगांसारखी वस्त्रं विणायची. केसांना कंगवा लावायलाही तिला सवड नसे. बापाला तिची दया आली आणि त्याने नदीपलीकडच्या गुराख्याशी तिचं लग्न लावून दिलं. लग्नानंतर तिचं मागाकडे लक्षच राहिलं नाही. बाप संतापला, तिला परत पूर्वेच्या काठावर आणलं आणि वर्षातून एकाच रात्री भेटायची मुभा दिली.

जपानी मुलांना आज सांगतात ती गोष्ट जवळजवळ हीच आहे. जपानी लोकांनी ती आठव्या शतकाच्या आगेमागे चीनकडून घेतली आणि बव्हंशी तशीच जपून ठेवली.

चीनमध्ये मात्र गोष्ट थांबली नाही. खेड्यापाड्यांतून ती पुन्हा पुन्हा सांगितली गेली आणि प्रत्येक वेळी तिच्यात काहीतरी भर पडत गेली. गुराखी आता आईबापाविना पोरका झाला. थोरल्या भाऊ-भावजयीने त्याला एक म्हातारा बैल देऊन घराबाहेर काढलं. हा बैल बोलतो. तोच त्याला सांगतो की नदीवर स्वर्गातल्या मुली अंघोळीला येतात, त्यांतल्या एकीचे कपडे लपव. कपड्यांवाचून तिला उडून जाता येत नाही, ती राहते, संसार होतो, एक मुलगा आणि एक मुलगी होते. पुढे स्वर्गाची राणी तिला ओढून नेते. बैल मरताना सांगून गेलेला असतो की माझं कातडं पांघरलंस तर तुला उडता येईल. गुराखी मुलांना कावडीत घालून मागे धावतो. अगदी हातभर अंतर उरतं, तेवढ्यात राणी केसातली पिन काढून आकाशात रेघ ओढते आणि तिची नदी होते.

कपडे लपवून मिळवलेल्या बायकोचा भाग मला आजही खुपतो. तरी शेतकऱ्यांनी या गोष्टीत स्वतःचं जगणं किती ओतलं आहे, ते लगेच कळतं. भावकीतला अन्याय, जन्मभर साथ देणारा बैल, कडेवरची पोरं, हे सगळं तिथे आहे. जुन्या गोष्टीत शिक्षा काम टाकल्याबद्दल होती. या गोष्टीत ती आपल्या पायरीबाहेर लग्न केल्याबद्दल आहे. पहिली गोष्ट ऐकून मूल शिकतं की काम टाकू नये. दुसरी ऐकून त्याला राणीचा राग येतो.

३. पूल की होडी?

नदी पार कोण करतं आणि कशी? चीनमध्ये उत्तर ठरलेलं आहे. त्या रात्री जगातले सगळे मॅगपाय पक्षी आकाशात जातात आणि पंखाला पंख लावून पूल करतात. मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातला काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी, आपल्या टकाचोराचा भाऊबंद. सणानंतर एखाद्या मॅगपायच्या डोक्यावरची पिसं झडलेली दिसली, तर लोक म्हणतात, पाय पडून पडून टक्कल पडलं.

जपानचा जुना काव्यसंग्रह 'मान्योशू' आठव्या शतकातला. त्यात या भेटीवर सव्वाशेहून जास्त कविता आहेत आणि त्यांत बहुतेक वेळा हिकोबोशीच होडी वल्हवत पलीकडे जातो. चिनी गोष्टीत पूल ओलांडून विणकर मुलगी जायची. हा बदल कशामुळे? त्या काळच्या जपानी घरात त्याचं उत्तर आहे. तेव्हा लग्नानंतरही बायको माहेरीच राहायची आणि नवरा रात्री तिच्याकडे येऊन पहाटे परतायचा. घरोघरी नवराच जात असे, म्हणून आकाशातही नवराच निघाला. शिवाय मॅगपाय जपानमध्ये मुख्यतः क्यूशू बेटाच्या सागा भागात आढळतो. राजधानीतल्या कवींना तो पुस्तकातूनच ठाऊक होता. होडी मात्र रोजच्या पाहण्यातली.

४. तारखेचा घोळ

सण मुळात सातव्या चांद्र महिन्याच्या सातव्या दिवसाचा आहे. चिनी लोक त्याला 'छीशी' म्हणतात, म्हणजे 'सातवीची संध्याकाळ'. चिनी महिना आपल्या महाराष्ट्रातल्या महिन्यासारखाच अमावास्येपासून मोजतात, म्हणून हा दिवस नेहमी शुक्ल पक्षात येतो आणि बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुद्ध सप्तमीच्या आगेमागे. २०२४ मध्ये नागपंचमी ९ ऑगस्टला होती आणि छीशी १० ऑगस्टला.

कधी मात्र महिनाभराचा फरक पडतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. हा फरक साचत जातो, म्हणून दोन-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात. आपण घालतो, तेही घालतात, पण दोघांचा अधिक महिना नेहमी एकाच वर्षी येत नाही. २०२५ मध्ये चीनमध्ये सहावा महिना दोनदा आला आणि आपल्याकडे अधिक नव्हता. त्यामुळे छीशी २९ ऑगस्टला गेली, आपल्या गणेश चतुर्थीनंतर दोन दिवसांनी, घरोघरी गौरींची तयारी चाललेली असताना.

सातवीच का? एक छोटं गणित करू. अमावास्येला चंद्र साधारण सूर्याबरोबर मावळतो, समजा सायंकाळी सहाला. पुढे रोज तो सुमारे ५० मिनिटं उशिरा मावळतो. सात दिवसांचे ७ गुणिले ५० म्हणजे ३५० मिनिटं, जवळजवळ सहा तास. म्हणजे सप्तमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. संध्याकाळी त्याचा उजेड पुरेसा असतो, म्हणून अंगणात बसून सण करता येतो. तो मावळला की आकाश काळं होतं आणि आकाशगंगा उजळून दिसते. थोरामोठ्यांनी तारीख निवडताना असा हिशेब केला असेल वा नसेल, पण रात्र तशीच घडते.

जपानने या सगळ्याला एका फटक्यात धक्का दिला. मेइजी सरकारने १ जानेवारी १८७३ पासून युरोपीय सौर कॅलेंडर लागू केलं आणि चांद्र पंचांग बाजूला ठेवलं. लोकांपुढे प्रश्न पडला, आता तानाबाता कधी करायचा? काहींनी सरळ नव्या सातव्या महिन्याची ७ तारीख धरली, ७ जुलै. दुसऱ्यांना ते फार लवकर वाटलं, म्हणून त्यांनी एक महिना पुढे ढकलून ७ ऑगस्ट घेतला. सेंदाई शहराचा प्रसिद्ध सण त्यामुळे ६ ते ८ ऑगस्टला भरतो. थोड्यांनी चांद्र तारखेचा हात सोडला नाही. एका देशात एकाच सणाच्या तीन तारखा झाल्या.

७ जुलैची अडचण अशी की जपानच्या बऱ्याच भागांत तेव्हा पावसाळी हंगाम चालू असतो. आकाश झाकलेलं, तारे दिसत नाहीत. मुलं खिडकीशी उभी राहून नदीला पूर येणार का म्हणून काळजी करतात, कारण पूर आला तर भेट हुकते आणि पाऊस म्हणजे त्या दोघांचे अश्रू. सातव्या चांद्र महिन्यात हा हंगाम सरलेला असायचा. तारीख हलली आणि सणाला पावसाने गाठलं. आकाश पाहणाऱ्यांना याची रुखरुख होतीच. म्हणून जपानच्या राष्ट्रीय खगोल वेधशाळेने २००१ पासून जुन्या हिशेबाची तारीखही जाहीर करायला सुरुवात केली, 'पारंपरिक तानाबाता' या नावाने.

आतापर्यंतचं चित्र असं झालं: जपानने जुनी गोष्ट राखली आणि तारीख सोडली. चीनने तारीख राखली आणि गोष्ट नवी करत नेली.

५. मुळात मागणं होतं हातासाठी

एक गोष्ट दोन्ही देशांत आज मागे पडली आहे, आणि माझ्या मते सणाचं मर्म तिच्यातच आहे. या रात्रीचं जुनं चिनी नाव आहे 'छीच्याओ', म्हणजे 'कसब मागणं'. आकाशातली विणकर मुलगी सगळ्या विणणाऱ्या-शिवणाऱ्यांची देवता. मुली त्या रात्री अंगणात फळं मांडून तिच्याकडे हाताचं कौशल्य मागत. सहाव्या शतकातलं वर्णन आहे की बायका सात नेढ्यांच्या सुईत दोरा ओवत. अर्ध्या चंद्राच्या उजेडात सात नेढी, विचार करून पाहा. मांडलेल्या फळांवर कोळ्याने जाळं विणलं, तर मागणं पोचलं असं समजत. थांग राजवटीच्या राजवाड्यात कोळी डबीत ठेवत आणि सकाळी उघडून बघत. जाळं दाट तर कसब दाट.

मिंग काळात पेकिंगच्या मुलींचा एक खेळ होता, तो जरा जवळून पाहू. सप्तमीला वाडग्यात पाणी घेऊन उन्हात ठेवायचं. वर धुळीचा पातळ पापुद्रा धरला की भरतकामाची सुई अलगद पाण्यावर आडवी सोडायची. सुई तरंगते. मग सुईकडे न बघता वाडग्याच्या तळाशी तिची सावली बघायची. सावली ढगासारखी, फुलासारखी, पाखरासारखी पडली तर मुलगी कसबी. मुसळासारखी जाड किंवा दोऱ्यासारखी बारीक पडली तर अजून शिकायचं आहे.

लोखंडाची सुई तरंगते कशी? पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कापडासारखा वागतो. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात आणि वरच्या थराला ओढून ठेवतात. डबक्यावर सरसर चालणारे लांब पायांचे किडे याच ताणावर उभे राहतात. सुई हलकी आणि कोरडी असली की ती हे कापड फाडत नाही, नुसती थोडी खाली दाबते. गोधडी शिवणारी बाई मधून मधून सुई केसांतून फिरवते, तशी फिरवली तर तेलाचा हात लागून काम आणखी सोपं होतं. घरी करायचं असेल तर टिपकागदाचा तुकडा पाण्यावर ठेवा आणि त्यावर सुई. कागद भिजून बुडतो, सुई वर राहते. आता तळाशी बघा. सावली सुईहून रुंद आहे आणि तिच्या कडा उजळ आहेत. सुईच्या वजनाने पाण्याला खोलगट वळण येतं, त्या वळणावर ऊन वाकतं आणि भिंगासारखं पसरतं. सुई जरा तिरकी, पाणी जरा हललेलं, पापुद्रा कुठे जाड कुठे पातळ, की सावलीचं रूप बदलतं. त्या मुलींना जे फूल दिसायचं, ते खरोखर तिथे असायचं.

सणाचं पक्वान्नही कसबाच्याच नावाचं, 'च्याओगुओ'. मैदा आणि साखर मळून, आकार देऊन तेलात तळतात. आपल्या शंकरपाळ्याच्या जातीचाच पदार्थ.

हे कसब मागणं जपानी दरबारातही गेलं. नारा शहरात शोसोइन नावाचं जुनं राजकोठार आहे, त्यात आठव्या शतकातल्या सात सुया अजून जपलेल्या आहेत. त्या याच विधीच्या मानतात. जपानमध्ये याला आणखी एक धागा येऊन मिळाला. देवासाठी पाण्याकाठी मागावर वस्त्र विणणाऱ्या मुलीची तिथे जुनी समजूत होती आणि त्या मागाचं नाव 'तानाबाता'. म्हणून सणाचं नाव लिहायचं चिनी अक्षरांत 'सातवीची संध्याकाळ' आणि वाचायचं 'तानाबाता'.

दरबारात सुईची जागा हळूहळू लेखणीने घेतली. सरदार घराण्यातले लोक कागदी तुतीच्या पानावर कविता लिहून ताऱ्यांना वाहू लागले. क्योतोचं रेइझेइ घराणं हा विधी अजून जुन्या चांद्र तारखेला करतं. एदो काळात गावोगावच्या शाळांतली मुलं लिहायला शिकू लागली, तेव्हा त्यांनी विणकर मुलीकडे वळणदार अक्षर मागितलं. सणाच्या सकाळी मुलं शेतात जाऊन अळूच्या पानांवरचं दव गोळा करत आणि त्यात शाईची कांडी उगाळत. त्या शाईने लिहिलं की अक्षर सुधारतं. आपण क्षणभंगुर गोष्टीला अळवावरचं पाणी म्हणतो. तिथे त्याच पाण्याने मुलं अक्षरं गिरवायला बसली. हिरोशिगे या चित्रकाराने १८५७ मध्ये एदो शहराचं एक चित्र केलं. त्यात छपरांमागून छपरांवर बांबू उभारलेले आहेत आणि त्यांना लटकवलेले कागद वाऱ्यावर उडताहेत.

अक्षर मागता मागता मुलं बाकीचंही मागू लागली. आजच्या चिठ्ठ्यांवर परीक्षेपासून आजीच्या गुडघ्यांपर्यंत काहीही असतं. बालवाडीतली ती फांदी अशी सात नेढ्यांच्या सुईपासून आली आहे.

६. सेंदाईची कागदी टोपली

चीनमध्ये सुई मागे पडली आणि प्रेमिक पुढे आले. २००६ मध्ये छीशीला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. त्याच सुमाराला दुकानदारांनी त्याला 'चिनी व्हॅलेंटाइन डे' म्हणून उचलून धरलं. शहरांत आता गुलाब, चॉकलेट आणि लग्ननोंदणीच्या रांगा. कान्सू प्रांतातल्या शीह परगण्यात मात्र मुली अजून सात दिवस गाऊन-नाचून कसब मागतात, आणि ग्वांगजौमधल्या जू गावात बायका तीळ, तांदूळ, कागद यांपासून नखाएवढ्या वस्तू घडवून मांडतात.

जपानमध्ये सेंदाईचा सण सर्वांत देखणा. १९४५ च्या हवाई हल्ल्यात शहराचा मध्यभाग जळाला आणि १९४६ मध्ये राखेतून लोकांनी ५२ बांबू सजवून उभे केले. तिथे सात प्रकारच्या कागदी सजावटी असतात: इच्छेची पट्टी, कागदी किमोनो, सारस, बटवा, मासेमारीचं जाळं, ओरिहिमेच्या सुतासारख्या लांब झिरमिळ्या, आणि सातवी एक साधी टोपली. बाकीचे सहा प्रकार करताना उरलेल्या कातरणाचे तुकडे या टोपलीत भरून तीही लटकवतात. काम करावं आणि केरही नीट आवरावा, हे विणकर मुलीला आवडेल असं मला मनापासून वाटतं.

७. कक्षेतली भेट

चीनने २०१८ मध्ये चंद्रापलीकडे एक निरोप्या उपग्रह पाठवला. चंद्राची मागची बाजू पृथ्वीकडे कधी वळत नाही, त्यामुळे तिथल्या यानाशी थेट बोलता येत नाही. मध्ये दुवा लागतो. त्या उपग्रहाचं नाव ठेवलं 'छ्वेच्याओ', मॅगपायचा पूल.

त्याआधी जपानने १९९७ मध्ये दोन भागांचा एक उपग्रह सोडला होता. हे भाग एकमेकांपासून सुटावेत आणि माणसाच्या हाताशिवाय पुन्हा जोडले जावेत, असा प्रयोग होता. पाठलाग करणाऱ्या भागाचं नाव हिकोबोशी, दुसऱ्याचं ओरिहिमे. पहिली जोडणी ठरवून ७ जुलै १९९८ ला केली. दोघं दोन मीटर दूर गेले आणि परत जुळले. दुसऱ्या वेळी जास्त लांब जायचं होतं. त्यासाठी दिवस धरला ७ ऑगस्ट, पण हिकोबोशीचा तोल बिघडला, तो दूर सरकला आणि अभियंते दिवसेंदिवस त्याला सावरत राहिले. जोडणी झाली २७ ऑगस्टला. त्या वर्षी जुन्या पंचांगाची सातवी २८ तारखेला होती.